कागदाखालचं नाव

बर्स्लेम, ६ फेब्रुवारी २०१७

नेव्ह,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट शेकोटीत टाकण्याआधी एवढं वाच: कुणी मेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, आणि मी माफी मागायलाही लिहीत नाहीये. गुडघा नवीन बसवलाय, बाकी ठणठणीत. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. बारा मैलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टानं पत्र धाडणारी मी या गावातली पहिलीच बाई असेन. पोस्टातली पोरगी पत्ता वाचून म्हणाली, "लीक? अहो, बसनं याच्या आधी पोचाल की!" मी म्हटलं, बसनं जाऊन पाहिलंय.

कारण असं आहे. गेल्या मंगळवारी कीथ प्रॉक्टर आला होता. जुबिली हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी बारापासून, अमेरिकेतल्या काळ्या गायकांची जुनी सोल गाणी लावतो तोच. आपण तिथं नाचत होतो तेव्हा हा पाळण्यात होता, पण बोलतो असा की हॉलची लाकडी जमीन यानंच बसवली. तर त्याला डेट्रॉइटहून एका बाईचं पत्र आलंय. लावोन तिचं नाव. तिनं इंटरनेटवर आपल्या हॉलचा व्हिडिओ पाहिला. साठीची माणसं पाय सरकावेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडून गिरक्या घेतायत, आणि मागं गाणं चाललंय. खाली लिहिलंय, गायिका आयव्हरी रोझ. लावोन लिहिते, "ही आयव्हरी रोझ कोण ते मला ठाऊक नाही. पण हा आवाज माझ्या आईचा आहे." खाली आईचं नाव दिलंय, आपण झाकलं होतं तेच.

नेव्ह, ती जिवंत आहे! एकाहत्तर वर्षांची आहे. मी ते वाचलं आणि हातातला कप टेबलावर ठेवायला गेले तो टेबलाच्या बाहेरच ठेवला.

कीथची मुलगी सोबत आली होती. म्हणाली, "पण आजी, गाणाऱ्या बाईचं खरं नाव झाकायचंच कशाला?" या पोरांना काय सांगायचं! म्हटलं, बाळ, तेव्हा एखादं गाणं अख्ख्या देशात एकाच माणसाकडे असायचं. माझ्या भावाकडे हे होतं. दुसऱ्या हॉलमधल्या रेकॉर्ड लावणाऱ्यांनी लेबल वाचलं, की ते निघालेच दुसरी प्रत शोधायला. म्हणून लेबलावर पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर मनाला येईल ते नाव लिहायचं. माणसं त्या खोट्या नावावर जीव टाकायची. पोरगी म्हणाली, "मग खरी बाई काय करायची?" चहा गार झाला म्हणून मी आत निघून गेले.

कीथला त्या बाईला इथं बोलवायचंय. तीस एप्रिलचा रविवार ठरवलाय. पण ती खरंच तीच, याचा पुरावा एकाच ठिकाणी आहे, तुझ्या रेकॉर्डवर, कागदाखाली. कीथ तुझ्या दारापर्यंत येऊन गेला असं कळलं. तू म्हणे त्याला म्हणालास, "ते गाणं मेलं, जा." असं कुणी बोलतं का रे, घरी आलेल्या माणसाला?

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तिचा अडथळा नको. शहात्तर साली रेमंडनं तुझ्या रेकॉर्डच्या हजार चोरट्या प्रती काढल्या आणि तुझं गाणं बाजारात वाटाण्यासारखं विकलं, ते झालं. मी त्याच्याशी लग्न केलं, तेही झालं. पण ती रेकॉर्ड त्याला मी दिली नव्हती. आपल्या घरातल्या फळीवरून त्यानं उचलली. मी तेव्हा कारखान्यात होते.

तेवढी रेकॉर्ड घेऊन ये.

ग्लेनिस


बर्स्लेम, २० फेब्रुवारी

नेव्ह,

दोन आठवडे झाले. निदान "पत्र लिहू नकोस" एवढं लिहायला तरी हात उचलायचास.

इकडे गोष्टी बिघडत चालल्यात. कीथनं बातमी फोडली, तर आयव्हरी रोझ आपणच असं सांगणाऱ्या आणखी एका बाईचं पत्र आलं, शिकागोहून. शिवाय एक गृहस्थ म्हणतात की ती त्यांची दिवंगत बायको. काल कीथच्या घरी रेकॉर्ड जमवणाऱ्यांची बैठक भरली होती. पाच टकले आणि एक मी. मी म्हटलं, "अरे, मी सांगतेय ना! मला खरं नाव माहितीय. ओडेसा मेह्यू. त्या नावावर कागद मीच चिकटवलाय." त्यावर तो जाड भिंगांचा कॉलिन म्हणतो कसा, "ग्लेनिस, तुझा शब्द आम्ही मानला असता गं. पण हजार खोट्या रेकॉर्डी तुझ्याच नवऱ्यानं काढल्या ना?" तोंडात मारल्यासारखं झालं. रेमंडपासून वेगळी होऊन चौतीस वर्षं झाली, तो जाऊनही आठ झाली, पण अजून त्याचं शेपूट माझ्या मागं आहेच. ते म्हणतात, लेबल दाखवा, नाहीतर तिकीट पाठवून उद्या हसं करून घ्यायचं नाही.

तुला आठवतं, ती रेकॉर्ड तू घरी आणलीस तो दिवस? खाणीतून सुट्टी काढून तू डेट्रॉइटला गेला होतास, एका बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानाच्या तळघरात चार दिवस बसून काळा होऊन आलास. आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊनही कोळशातच बसलास का?" साठेक रेकॉर्डी होत्या. ही एकोणचाळिसावी असेल. आई स्वयंपाकघरात तव्यावर ओटकेक भाजत होती. आधी नुसता ढोल, मग पियानो, आणि मग ती. रोज संध्याकाळी त्याच्या दारावरून जाते, पण थांबत नाही, असं गाणं. आई हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभी राहिली. ओटकेक जळला तरी हलली नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, "ही बाई खोटं बोलत नाहीये."

आणि आपण काय केलं? लगेच खोटं नाव शोधायला बसलो. तू म्हणालास, काहीतरी भारी पाहिजे. मी चहाचा कप उलटा केला, बुडावर नक्षीचं नाव छापलं होतं, आयव्हरी रोझ. आपण दोघं इतके हसलो की आईनं दोघांना बाहेर काढलं. एका बाईचं आयुष्यभराचं नाव आपण कपाच्या बुडावरून ठेवलं.

पण तू ते पहिल्यांदा लावलंस तो रविवारही मी विसरलेले नाही. सहाशे माणसं, तू वर मंचावर, शर्ट अंगाला चिकटलेला. त्या ढोलानंतर सगळ्यांची मिळून एकच टाळी पडली, कुणी न सांगता. मी गिरकी घेऊन पाठीवर गेले आणि उठले तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतास. "बघ, आपलं झालं!" असा चेहरा होता तुझा. तसा चेहरा मी नंतर कुणाचा पाहिला नाही.

त्यानंतरचा तुझा चेहरा म्हणजे बसमधला. एक्क्याण्णव साली तू बस चालवतोस हे मला माहीत होतं. मुद्दाम लीकला आले आणि तुझ्याच बसमध्ये चढले. काय बोलायचं ते सगळं पाठ करून आले होते. तू समोर बघून म्हणालास, "कुठं?" मी म्हटलं, "हॅनली." तू तिकीट फाडून दिलंस. एक्केचाळीस वर्षांत तू माझ्याशी तो एकच शब्द बोललास. ते तिकीट माझ्याकडे आहे. वेडेपणा म्हण हवं तर.

ग्लेनिस


बर्स्लेम, ९ मार्च

नेव्ह,

काल हॅनलीच्या बाजारात तुझी बायको भेटली. चीजच्या दुकानासमोर. तिला रागावू नकोस, मीच तिची पिशवी धरून ठेवली. थेल्मा म्हणाली की माझी दोन्ही पत्रं तू बागेतल्या शेडमध्ये जाऊन वाचलीस, आणि दुसरं दोनदा. मला तिथंच बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पहिलं वाचून बाहेर आला आणि म्हणाला, अजून खोटंच बोलतेय."

बरोबर आहे तुझं. खोटंच लिहिलं होतं.

फळीवरून त्यानं उचलली नव्हती. मी दिली. बुधवारी दुपारी, आईच्या केकच्या डब्यात घालून, वर स्वच्छ रुमाल टाकून, माझ्या हातानं त्याच्या हातात दिली. त्यानं मँचेस्टरला नेऊन तिची नक्कल काढली आणि शुक्रवारी डबा परत आणला. मी रेकॉर्ड फळीवर होती तशी ठेवली. तू संध्याकाळी येऊन तीच पिशवीत घातलीस आणि मला म्हणालास, "रविवारी निळा स्कर्ट घाल, गिरकीला छान दिसतो." मला त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी त्या स्कर्टला इस्त्री केली.

का दिली, ते ऐक. तू मला कधी विचारलंच नाहीस.

मी तेव्हा काय करत होते? दिवसाला तीनशे कप. कप चाकावर ठेवायचा, चाक फिरवायचं, सोनेरी रंगाचा ब्रश टेकवायचा, रेघ पुरी झाली की उचलायचा. जराही कंप आला की कप बाद. ते कप लंडनच्या दुकानात जायचे आणि बुडावर नाव असायचं ज्यानं नक्षी काढली त्या साहेबाचं. आम्हा बायकांची फक्त एक खूण, मोजणीसाठी. माझी तीन ठिपके. मी रोज ते ठिपके द्यायचे आणि मनात यायचं, डेट्रॉइटला कुणीतरी असंच गायलं, आणि तिचे ठिपकेसुद्धा आपण पुसले. तुला एकदा म्हटलं होतं, "नेव्ह, आता तरी तिचं नाव सांगूया ना." तू म्हणालास, "वेडी आहेस का? नाव बाहेर गेलं की गाणं गेलं." रेमंड म्हणाला, मी रेकॉर्ड नीट काढतो, खऱ्या नावानं, दुकानादुकानात. मी त्याला ते नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मेह्यूचं स्पेलिंगसुद्धा नीट समजावलं होतं. आणि मला रेमंड आवडत होता, हेही लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील की फक्त पुण्य करायला निघाली होती.

रेकॉर्डी छापून आल्या तेव्हा पाहिलं. आयव्हरी रोझ. मी त्याला विचारलं, हे काय? म्हणाला, "तुझ्या ओडेसाला कोण ओळखतं? लोक आयव्हरी रोझच मागतात." म्हणजे मी तुला फसवलं ते ज्यासाठी, तेच झालं नाही. उलट ते खोटं नाव हजार घरांत गेलं. इतक्या वर्षांत तिला कुणी शोधू शकलं नाही, ते त्यामुळेच.

आता ठिपक्यांचं. तू बाजारातून एक रेकॉर्ड आणून जेवणाच्या टेबलावर आपटलीस आणि विचारलंस, "हे ठिपके कुणाचे?" आई ताटावरून वर बघायला लागली. लेबलाच्या खाली माझे तीन ठिपके होते. तुला वाटलं, मी बसून रेमंडसाठी नवं लेबल रंगवलं. तेवढं मात्र केलं नाही. तुझ्या रेकॉर्डवरचा कागद रंगवला तेव्हा सवयीनं मी खाली ठिपके देऊन गेले होते, कप समजून. छापणाऱ्यानं त्या कागदाचा जसाच्या तसा फोटो काढला. हे तेव्हा सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर डबाही सांगावा लागला असता. म्हणून मी म्हणाले, "मला काय माहीत?" आणि तू बॅग भरलीस.

आईच्या अंत्यविधीला तू चर्चच्या डाव्या बाजूला बसलास, मी उजव्या. तिला ते आवडलं नसतं. माझं चुकलं, नेव्ह. माफी मागणार नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तेही खोटंच निघालं.

ग्लेनिस


बर्स्लेम, २७ मार्च

नेव्ह,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, तेव्हा मी लिहीत राहणार. तुला माहितीय मी किती चिवट आहे. आई म्हणायची, हिला दारातून काढलं तर खिडकीतून येते.

काल मी तिच्याशी बोलले! कीथनं फोन लावून दिला. मी अशी घाबरले होते की फोनसाठी चांगला ब्लाउज घातला. ती "हॅलो" म्हणाली आणि मला आईचं स्वयंपाकघर आठवलं. आवाज जाड झालाय, पण तोच आहे. कॉलिनला म्हणावं, पुरावा हवा तर कान उघड.

बोलताना सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "कशी आहेस, डक?" ती म्हणाली, "बाई, मला आजवर लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, पण बदक पहिल्यांदाच ऐकतेय." मी सांगितलं की आमच्याकडे दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकमेकांना डकच म्हणतात. ती इतकी हसली की लावोननं येऊन फोन धरला. फोन ठेवताना मला म्हणाली, "बरंय तर, डक." नेव्ह, तू असतास तर हसला असतास.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. वीस वर्षांची असताना एका दुपारी तीन तासांत ते गाणं गायली. ज्या माणसानं रेकॉर्ड काढली तो पुढच्या महिन्यात म्हणाला, कुणी घेतली नाही, घरी जा. ती गेली. नंतर एका इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी धुतल्या. तिच्याकडची एकुलती एक प्रत तिच्या आईच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेली. मुलांना सांगायची की मी एकदा गायले होते, तर मुलं हो हो म्हणायची, आपण आईचं मन राखतो तसं. लावोन मला म्हणाली, "मला वाटायचं, आईनं स्वप्नात पाहिलं असेल."

मी तिला सांगितलं की त्या गाण्यावर आम्ही तीन वर्षं दर रविवारी नाचलो. सहाशे सहाशे माणसं. मुली तिच्या आवाजावर रडायच्या, माणसं बुटाचे तळ झिजवायची. ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही मला काय नावानं हाक मारायचात?"

मी सांगितलं. कपाचंही सांगितलं. लपवलं नाही काही. मला वाटलं, आता फोन ठेवेल. ती म्हणाली, "नक्षी तरी चांगली होती का?" मी म्हटलं, खूप सुंदर होती, मीच सोनेरी रेघ ओढायची. तर म्हणाली, "मग ठीक आहे. पण मरायच्या आधी एकदा मला त्या गोल कागदावर माझं नाव बघायचंय. मुलीच्या देखत."

एवढंच मागतेय ती. कीथ म्हणतो, वीस एप्रिलपर्यंत लेबल समोर आलं तर तिकीट पाठवतो, नाहीतर टकले ऐकणार नाहीत.

ग्लेनिस


बर्स्लेम, ८ एप्रिल

नेव्ह,

आज थेल्माचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती, तू बागेत होतास म्हणून. म्हणाली, "ग्लेनिस, तो द्यायला नाही म्हणत नाहीये गं. त्याच्याकडे द्यायला काही नाहीच." मी म्हटलं, म्हणजे? तर सांगायला लागली की एकोणऐंशी साली एका रविवारी तू शेडमध्ये ब्लेड घेऊन बसलास. तुलाही वाटलं होतं की त्या बाईचं नाव मोकळं करावं! मला कधी कळवलं नाहीस. ब्लेड लावलंस तर कागदाबरोबर खालचा एक कपटा निघाला, आणि तू थांबलास. तुला वाटलं की खाणीतल्या त्या चिकट सोल्यूशननं लेबल खाऊन टाकलंय, ओढलं तर उरलंसुरलंही जाईल. तेव्हापासून तू रेकॉर्डचा डबा उघडत नाहीस, फक्त पुसतोस.

आता नीट ऐक, आणि बसून वाच.

तू खाणीतून ते काळं सोल्यूशन आणलं होतंस, कोळसा वाहून नेणाऱ्या रबरी पट्ट्यांचे सांधे जोडतात ते. म्हणालास, "हे लाव, म्हणजे कुणाच्या बापाला निघायचं नाही." आणि तू आंघोळीला गेलास. मी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि बंद केलं. ते मी लावलंच नाही.

मी कारखान्यातला डिंक लावला. कपावर छाप चिकटवायचा असतो तो, पातळ, पाण्यात सुटतो. तोही फक्त कडेला, केसाएवढा. आणि लेबलावर आधी तो झिरझिरीत कागद ठेवला, सोनेरी कप गुंडाळायचा. तुझ्या ब्लेडला लागलेला कपटा त्या कागदाचा आहे, लेबलाचा नाही. तू बाहेर आलास तेव्हा मी सोल्यूशनचा डबा तुझ्या हातात देऊन म्हटलं, "लावलं बघ, जन्मात निघणार नाही."

का असं केलं? आमच्या कारखान्यात बायका सोन्याचं काम कधीच कायमचं झाकत नाहीत. वरचं निघालं पाहिजे, अशी आमची रीत. त्या बाईच्या नावाला मला ते काळं फासवेना. आणि तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "म्हणजे पहिल्या दिवसापासूनच माझं ऐकत नव्हतीस." हो, नव्हते. एकदा तरी बरं झालं ना!

काय करायचं ते लिहिते. रेकॉर्ड सपाट ठेव. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळून घे, आणि कागदाच्या कडेकडेनं टेकव. घासू नकोस. तुझी घाई मला माहितीय. दहा मिनिटं थांब. मग जिथं माझे तीन ठिपके आहेत तिथून नखानं उचल, तिथं डिंक सगळ्यात कमी आहे. पुढचं आपोआप येईल.

खाली काही नसेल तर मला शिव्या दे. येऊन, तोंडावर दे. तेही चालेल मला.

ग्लेनिस


लीक, १९ एप्रिल

ग्लेनिस,

तुझी पाचही पत्रं मिळाली. मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे.

कोमट पाणी घेतलं नाही, गार घेतलं. कोमट पाण्यानं रेकॉर्ड वाकते, एवढी अक्कल तुला अजून आली नाही. दहा मिनिटांत सुटला नाही, सतरा लागली. थेल्मा दिवा धरून उभी होती आणि सारखी "हळू, हळू" म्हणत होती, म्हणून जास्त वेळ लागला.

ठिपक्यांपासून उचलला. अख्खा निघाला. तुझा झिरझिरीत कागदही निघाला. खाली लेबल नवं करकरीत आहे, मी तळघरातून उचललं होतं त्याहून चांगलं. ओडेसा मेह्यू. सगळी अक्षरं आहेत. थेल्मा रडली. मी शेडमध्ये गेलो.

कीथला आज सकाळी नेऊन दाखवलं. कॉलिनही होता, तीनदा चष्मा पुसून बघितलं त्यानं. मग मी त्याला म्हटलं की माझ्या बहिणीच्या शब्दावर यापुढं शंका घ्यायची असेल तर आधी माझ्याशी बोल. तिकीट दुपारीच काढलं, दोघींचं, लावोनचंही. गाणं मी लावणार. माइकवर नाव मी सांगणार. दोन दिवस शेडमध्ये म्हणून बघतोय, तोंडात अजून आयव्हरीच येतं. पण तोवर बसेल.

रेकॉर्ड गाणं झाल्यावर तिला द्यायची. माझी नव्हतीच ती.

तुझा पांढरा कागद पाकिटात परत पाठवतोय. तो तुझा आहे. त्या बसच्या तिकिटाजवळ ठेव. त्या दिवशी पुढच्या थांब्यावर मी बस थांबवून पाच मिनिटं बसलो होतो, लोक ओरडत होते. तू मागं बसली होतीस, माझा चेहरा तुला दिसला नसेल.

तीस तारखेला साडेअकराला गाडी घेऊन येतो. टाल्कम माझ्याकडे आहे. गुडघ्याचं काय ते डॉक्टरला विचार, पण बूट चामड्याच्या तळाचे घाल, रबरावर गिरकी बसत नाही. निळा स्कर्ट असेल तर बघ.

रस्त्यावरून हॉर्न देणार नाही. दार वाजवीन.

नेव्ह